बोर्डावरचा पडदा चमकतो, सरकतो, काळा राहतो: एलटीडीसी आणि डीएमए२डी क्रमाने कसे तपासायचे

एसटी कंपनीच्या एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर पडदा बिघडला तर काय तपासायचं, त्याचा हा क्रम. आधी लक्षणं. तुमच्या पडद्याचं दुखणं यातलं नेमकं कोणतं, ते कोडला हात लावण्याआधी कागदावर लिहून काढा. दोन लक्षणं एकत्र असतील तर दोन्ही लिहा.

– बॅकलाइट लागतो, पण पडदा काळा किंवा कोरा पांढरा.
– चित्र येतं, पण सगळंच्या सगळं बाजूला सरकलेलं. उजव्या कडेचा तुकडा डावीकडे उगवतो.
– लालच्या जागी निळा दिसतो, किंवा एखाद्या रंगाच्या छटा गायब होऊन पायऱ्या पडतात.
– स्थिर चित्र उत्तम, पण अ‍ॅनिमेशन सुरू झालं की पडदा थरथरतो, ओळी क्षणभर आडव्या पळतात.
– जुन्या चित्राचे आखूड आडवे तुकडे नव्या चित्रात अडकून राहतात.
– मजकूर कधी दिसतो, तर कधी त्याच्याच मागच्या रंगीत चौकोनाखाली गाडला जातो.
– सकाळी ठीक, बोर्ड तापला की चित्रात ठिपके.
– ग्राफिक्सचा प्रवेगक, म्हणजे डीएमए२डी, चालू केला की थेट हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोलमडतो.

मी हे सगळं मुख्यतः एसटीएम३२ मालिकेवर पाहिलं आहे: एफ४२९ आणि एफ७४६ चे डिस्कव्हरी बोर्ड, एच७४३, आणि त्यांच्यावरून बेतलेले छोट्या कारखान्यांचे स्वतःचे बोर्ड. वर ग्राफिक्सची लायब्ररी म्हणून कधी एलव्हीजीएल असतं, कधी टचजीएफएक्स. पण खालची रचना तीच. एलटीडीसी हा भाग मेमरीतून पिक्सेल अखंड वाचून पडद्याला पाठवत राहतो. डीएमए२डी, ज्याला कंपनी क्रोम-आर्ट म्हणते, तो चौकोन भरतो, चित्र नकलतो, पारदर्शक थर मिसळतो. प्रोसेसरही त्याच मेमरीत लिहीत असतो. एका विहिरीवर तिघे पाणी भरतात, आणि भांडण बहुतेक वेळा विहिरीवरच असतं. लोक मात्र पहिला संशय डीएमए२डीवर घेतात, तो बंद करतात, सगळं सॉफ्टवेअरने रंगवतात, आणि मग बोर्ड मंद आहे म्हणून महागडा प्रोसेसर घ्यायला निघतात. हे थांबावं म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे.

बिनखर्चाच्या गोष्टी

डिस्कव्हरी बोर्ड असेल तर सगळ्यात आधी त्याच्याबरोबरचा उत्पादकाचा डेमो परत टाका. तो नीट चालला तर पडदा, पट्टी केबल, मेमरी आणि वीजपुरवठा एका झटक्यात सुटले, आणि दोष तुमच्या प्रोजेक्टमध्ये आहे हे ठरलं. ही पाच मिनिटांची तपासणी टाळून दोन-दोन दिवस कॅशेमध्ये (प्रोसेसरच्या जलद तात्पुरत्या मेमरीत) डोकं घालणारे मी बरेच पाहिले आहेत.

डेमोही बिघडला तर यूएसबी केबल बदला. फोनच्या चार्जरबरोबरच्या बारीक, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं. बॅकलाइट पूर्ण लागला की ते आणखी खाली येतं, आणि चमक दिसते ती ग्राफिक्सची वाटते. शक्य असेल तर कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टऐवजी चांगला ५ व्होल्टचा पुरवठा लावा. स्वतःचा बोर्ड असेल तर पट्टी केबल काढून, कनेक्टरची पट्टी उघडून, केबल सरळ आत सरकवून परत दाबा. अर्धा मिलिमीटर तिरकी बसलेली केबल एखादाच रंगाचा बिट तोडते, आणि तुम्ही पिक्सेल फॉरमॅटचा घोळ शोधत बसता.

पडदा काळा असेल तर बॅकलाइट आणि डिस्प्ले-एनेबल या दोन वेगळ्या पिना आहेत हे विसरू नका. एफ७४६ डिस्कव्हरीवर डिस्प्ले-एनेबल पीआय१२ वर आहे आणि बॅकलाइट पीके३ वर. एक चालू आणि दुसरी बंद असेल तर एलटीडीसी मुकाट्याने काम करत राहतो आणि दिसत काहीच नाही. एफ४२९ डिस्कव्हरीवर पडदा कोरा पांढरा राहिला तर पडद्यातल्या आयएलआय९३४१ चिपला एसपीआय या सिरीयल मार्गावरून सुरुवातीच्या आज्ञा गेल्या का ते पाहा. त्या आज्ञा मिळाल्याशिवाय ती चिप आरजीबी मार्गाने येणारं चित्र घेतच नाही.

टचजीएफएक्स वापरत असाल आणि पडदा रिकामा असेल तर क्यूबएमएक्स या चिपच्या सेटिंगच्या साधनात सीआरसी (तपासबेरजेचा भाग) चालू आहे ना ते पाहा, त्याला ते लागतं. एलव्हीजीएलमध्ये पहिलं चित्र येऊन सगळं गोठलं, टचही मेला, तर बहुधा दर मिलिसेकंदाला टिक (लायब्ररीचं घड्याळ) वाढवणारी ओळ राहिली आहे.

आणि वेगाची तक्रार असेल तर कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बघा. डीबग बिल्डमध्ये ते शून्यावर असतं. ते ओ२ वर नेऊन मोजल्याशिवाय बोर्ड मंद म्हणू नका.

दोन चाचण्या ज्यांनी अर्धं काम होतं

यात एक पैसा खर्च नाही आणि माझ्या मते सगळ्या तपासणीचा कणा याच आहेत.

पहिली. एलटीडीसीचे दोन्ही लेयर (एकावर एक येणारे चित्राचे थर) बंद करा आणि पार्श्वभूमीच्या रंगाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे बीसीसीआरमध्ये, आधी शुद्ध लाल, मग हिरवा, मग निळा टाका. हा रंग एलटीडीसी स्वतःच्या रजिस्टरमधून काढतो. त्यासाठी ना फ्रेमबफर (चित्राचे पिक्सेल ठेवलेली मेमरीतली जागा) लागतो, ना एसडीरॅम (प्रोसेसरबाहेरची मोठी मेमरी चिप), ना डीएमए२डी. तिन्ही रंग पूर्ण पडद्यावर स्थिर आणि खरे दिसले तर रंगांच्या पिना, पिक्सेल क्लॉक आणि पडदा ढोबळमानाने ठीक आहेत, दोष मेमरीकडे आहे. इथेच रंग चुकला किंवा पडदा थरथरला तर मेमरीचा विचारही करू नका.

दुसरी. बिघाड दिसत असताना डीबगरने प्रोसेसर थांबवा. प्रोसेसर थांबला तरी एलटीडीसी पडदा रंगवत राहतो, म्हणून ही चाचणी इतकी उपयोगी. थांबवल्याबरोबर थरथर गेली तर मेमरीच्या रस्त्यावर गर्दी होती. थांबवूनही थरथर तशीच राहिली तर टायमिंग, एसडीरॅम किंवा जोडणी. आणि चित्र स्थिर, पण चुकीचं राहिलं, तर मेमरीत चुकीचंच लिहिलं गेलं आहे.

या दोन उत्तरांवरून पुढच्या कोणत्या भागावर उडी मारायची ते ठरवा. सगळं ओळीने करायची गरज नाही.

पिना आणि टायमिंग

रंग गायब असतील तर अल्टरनेट फंक्शन (एएफ), म्हणजे पिनेला नेमून दिलेलं काम, तपासा. एलटीडीसीच्या जवळजवळ सगळ्या पिना एएफ१४ वर असतात, आणि हे ‘जवळजवळ’च घात करतं. एफ४२९ वर पीबी०, पीबी१, पीजी१० आणि पीजी१२ या पिना एलटीडीसीसाठी एएफ९ वर द्याव्या लागतात. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये सगळ्यांना १४ दिलं की लालचे दोन बिट, हिरव्याचा एक आणि निळ्याचा एक मरतात. चित्र ओळखू येतं, पण रंग आजारी दिसतात. पिनांचा वेगही ‘लो’ वर ठेवू नका. पिक्सेल क्लॉक जास्त असेल तर कडा गोलावतात आणि रंगांच्या सीमेवर कचरा दिसतो.

चित्र बाजूला सरकलं असेल तर पोर्चचे, म्हणजे दृश्य ओळीच्या आधी-नंतर सोडलेल्या रिकाम्या वेळेचे, आकडे तपासा. एलटीडीसीला सुटे आकडे नको असतात, प्रत्येक टप्प्यापर्यंतची बेरीज वजा एक लागते. एफ७४६ डिस्कव्हरीच्या ४८० बाय २७२ पडद्याचं उदाहरण घ्या: आडवा सिंक (नव्या ओळीचा इशारा) ४१, मागचा पोर्च १३, दृश्य भाग ४८०, पुढचा पोर्च ३२. रजिस्टरमध्ये जातात ४०, ५३, ५३३ आणि ५६५. कोणी ५३ च्या जागी नुसते १३ किंवा १२ लिहितो आणि चित्र गुंडाळतं.

याच पडद्याची एकूण ओळ ५६६ क्लॉकची, एकूण ओळी २८६. गुणाकार १,६१,८७६. पिक्सेल क्लॉक ९.६ मेगाहर्ट्झ असेल तर सेकंदाला सुमारे ५९ फ्रेम. तुमच्या पडद्याचं असं गणित एकदा हाताने करा. उत्तर ५० ते ७० च्या बाहेर आलं तर पीएलएल, म्हणजे क्रिस्टलवरून क्लॉक बनवणारा भाग, चुकीचा लावला आहे. त्यातही क्रिस्टलची किंमत आधी पाहा: एफ७४६ डिस्कव्हरीवर २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे, एफ४२९ डिस्कव्हरीवर ८ चा. एकाचा कोड दुसऱ्यावर उचलून ठेवला की सगळीच क्लॉक चुकतात.

फ्रेमबफर ठेवलाय कुठे

शक्य असेल तर बफर आधी आतल्या रॅममध्ये आणा. ४८० बाय २७२, १६ बिट रंग, म्हणजे २,६१,१२० बाइट. एफ७४६ च्या ३२० केबी रॅममध्ये एक बफर मावतो. पडदा मोठा असेल तर चाचणीपुरता लेयरच लहान करा, १०० बाय १०० चा. आतल्या रॅममधून चित्र स्वच्छ आलं आणि एसडीरॅममधून बिघडलं तर दोषी सापडलाच.

पण ‘आतली रॅम’ म्हणजे कोणतीही रॅम नव्हे. एफ४२९ मध्ये हेक्स १००००००० पासून सुरू होणारी ६४ केबीची सीसीएम फक्त प्रोसेसरची आहे. डीएमए२डी आणि एलटीडीसी तिथे पोहोचूच शकत नाहीत. एच७४३ वर हीच अडचण हेक्स २००००००० वरच्या डीटीसीएम रॅमची. लिंकर स्क्रिप्ट (मेमरीत काय कुठे जाईल हे ठरवणारी फाइल) सगळे व्हेरिएबल तिथे टाकते, बफरही तिकडे जातो, प्रोसेसर त्यात आनंदाने लिहितो, आणि पडद्यावर काही येत नाही. बफर हेक्स २४०००००० वरच्या एएक्सआय रॅममध्ये न्या. याची खूण सोपी आहे: डीएमए२डीच्या स्टेटस रजिस्टरमध्ये ट्रान्सफर एररचा बिट चढलेला दिसतो. कॉन्फिगरेशन एररचा बिट चढला असेल तर मात्र अ‍ॅड्रेस पिक्सेलच्या आकाराशी जुळत नाही, किंवा रुंदी-उंचीत शून्य गेलं आहे.

एसडीरॅम

ग्राफिक्स लायब्ररी पूर्ण बाजूला ठेवा. एसडीरॅमच्या प्रत्येक शब्दात त्याचाच अ‍ॅड्रेस लिहा, सगळं लिहून झाल्यावर सगळं वाचा. लिहिलं की लगेच वाचायचं नाही; तशाने अ‍ॅड्रेस लाइनचा दोष लपतो. कॅशे या चाचणीपुरता बंद. मग अर्धा तास थांबून, बोर्ड तापल्यावर, परत फक्त वाचा.

हा अर्धा तास मी उगाच सांगत नाही. एका छोट्या उत्पादकाच्या पॅनेलवर मे महिन्यात दुपारी बारानंतर ठिपके यायचे, संध्याकाळी जायचे. तिथल्या लोकांनी पडदेही बदलून पाहिले होते. निघालं असं की बाजारात जुनी एसडीरॅम मिळेना म्हणून दुसऱ्या क्षमतेची चिप बसवली होती. जुनीत ४०९६ रांगा, नवीत ८१९२. दोन्हींना ६४ मिलिसेकंदात सगळ्या रांगा ताज्या कराव्या लागतात, म्हणजे जुनीला दर १५.६२५ मायक्रोसेकंदाला एक रांग, नवीला ७.८१ ला. कोडमध्ये जुनाच आकडा होता. थंडीत चिप चार्ज धरून ठेवायची, तापली की गळायची.

हा आकडा स्वतः काढा: रांगेमागचे मायक्रोसेकंद गुणिले एसडीरॅमची मेगाहर्ट्झ, वजा २०. एफ४२९ वर ९० मेगाहर्ट्झ धरून १३८६ येतो, आणि हाच १३८६ मी असंख्य प्रोजेक्टमध्ये डोळे झाकून चिकटवलेला पाहिला आहे. क्लॉक ६० वर आणली आणि आकडा तोच ठेवला तर रांग २३ मायक्रोसेकंदांहूनही उशिरा ताजी होते.

कॉर्टेक्स-एम७ चा कॅशे

एफ४२९ वाल्यांनी हा भाग सोडा, त्यांच्याकडे हा कॅशे नाही. एफ७ आणि एच७ वाल्यांनी (त्यांचा प्रोसेसर कॉर्टेक्स-एम७) सावकाश वाचा.

अडकून राहिलेल्या तुकड्यांची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. मोबाइलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. कॅशेची एक ओळ ३२ बाइटची असते. १६ बिट रंगात ते १६ पिक्सेल, ३२ बिट रंगात ८. तुकडे १६ च्या किंवा ८ च्या पटीत असतील तर दुसरं काही शोधू नका. प्रोसेसरने लिहिलेलं कॅशेतच राहिलं आहे आणि एलटीडीसी मेमरीतलं जुनं वाचतो आहे.

सोपा आणि टिकणारा उपाय म्हणजे एमपीयूमध्ये (मेमरीच्या कोणत्या पट्ट्याशी कसं वागायचं हे ठरवणाऱ्या प्रोसेसरच्या भागात) फ्रेमबफरचा भाग ‘राइट-थ्रू’ करणं. प्रोसेसरचं लिखाण मग लगेच मेमरीत जातं. एवढ्याने उलटी बाजू मात्र सुटत नाही: डीएमए२डीने लिहिलेल्या जागेवर प्रोसेसर पुढचा थर मिसळणार असेल तर तो कॅशेतलं शिळं वाचेल. तिथे डीएमए२डी संपल्यावर कॅशेतला तो भाग इनव्हॅलिडेट, म्हणजे रद्द, करावाच लागतो. बफरची सुरुवात आणि लांबी ३२ च्या पटीत ठेवा, नाहीतर इनव्हॅलिडेट करताना शेजारचं व्हेरिएबलही पुसलं जाईल आणि तो दोष शोधायला आठवडा जाईल.

हार्डफॉल्टचं मूळही इथेच असतं. एफ७४६ वर एसडीरॅम हेक्स सी००००००० वर आहे, आणि एम७ च्या मूळ नकाशात तो पट्टा ‘डिव्हाइस’ प्रकारचा आहे. तिथे बाइटची सरळ जुळणी नसलेला ३२ बिट अ‍ॅक्सेस झाला की फॉल्ट. सॉफ्टवेअरने फॉन्ट रंगवताना असे अ‍ॅक्सेस होतात. एमपीयूमध्ये तो पट्टा ‘नॉर्मल’ केला की थांबतं. एमपीयूचं काम कॅशे चालू करण्याआधी उरका.

गर्दी

दुसऱ्या चाचणीत प्रोसेसर थांबवल्यावर थरथर गेली असेल तर एलटीडीसीच्या आयएसआर रजिस्टरमध्ये फिफो अंडररनचा बिट पाहा. तो चढला असेल तर एलटीडीसीला वेळेवर पिक्सेल मिळत नाहीत.

हिशेब करा. ४८० बाय २७२, १६ बिट, ६० फ्रेम: सेकंदाला १५.७ एमबी. काहीच नाही. ८०० बाय ४८०, ३२ बिट, एक लेयर: ९२ एमबी. तसे दोन लेयर: १८४ एमबी. १६ बिट रुंद एसडीरॅम १०८ मेगाहर्ट्झवर कागदोपत्री २१६ एमबी देते, प्रत्यक्षात कमी. मग डीएमए२डी आणि प्रोसेसर कुठून जगणार? रंग १६ बिटवर आणा, दुसरा लेयर बंद करा. डोळ्याला फरक फारसा कळत नाही आणि मेमरी मोकळी होते.

हिशेब बसतो तरीही अंडररन येत असेल, आणि एफ७ असेल, तर एफएमसीचा, म्हणजे बाहेरची मेमरी चालवणाऱ्या भागाचा, बँक १ बंद करा. रीसेटनंतर तो चालूच असतो. एम७ पुढचा अंदाज बांधून तिथे वाचायला जातो, तिथे काही जोडलेलं नसतं, आणि तेवढा वेळ एफएमसी अडकून राहतो. एलटीडीसी दारात ताटकळतो. पहिल्या बीटीसीआर रजिस्टरमध्ये हेक्स ३०डी२ लिहिणारी एकच ओळ. टचजीएफएक्सच्या तयार कोडमध्ये ती असते, हाताने बनवलेल्या प्रोजेक्टमध्ये नसते. ‘डेमो चालतो, माझा कोड थरथरतो’ या तक्रारीमागे मला हीच ओळ वारंवार सापडली आहे.

ओळीची लांबी बाइटमध्ये ६४ च्या पटीत आहे का तेही पाहा. १६ बिटमध्ये ४८० ची ओळ ९६० बाइट, बरोबर १५ पट. २४ बिटमध्ये १४४०, जी बसत नाही, आणि एलटीडीसीचं वाचन तुटक होतं.

गाडलेला मजकूर, फाटलेलं चित्र

हे दोन्ही घाईचे दोष. डीएमए२डीला चौकोन भरायला सांगितलं आणि तो संपायच्या आत प्रोसेसरने वर मजकूर लिहिला, तर चौकोन मजकुरावरून फिरतो. एलव्हीजीएलमध्ये फ्लश (रंगवलेलं चित्र फ्रेमबफरमध्ये पोहोचवणं) झाल्याची खूण डीएमए२डीच्या ‘काम संपलं’ इंटरप्टमध्ये द्या, काम सुरू केल्याबरोबर नव्हे. फाटलेल्या चित्रासाठी दोन बफर ठेवा आणि नवा अ‍ॅड्रेस व्हर्टिकल ब्लँकिंगच्या (एक फ्रेम संपून दुसरी सुरू होण्याआधीच्या) रीलोडने लागू करा. ‘लगेच रीलोड’ केला की पडद्याच्या मध्येच जुनं-नवं जोडलं जातं.

इथे थांबा

पार्श्वभूमीच्या रंगाची चाचणी पास, आतल्या रॅममधलं चित्र पास, आणि एसडीरॅमची चाचणी क्लॉक अर्ध्यावर आणून, रिफ्रेश नव्याने मोजूनही नापास, तर कोडला हात लावू नका. ट्रॅकची लांबी, डिकपलिंग किंवा सोल्डरिंगचा दोष आहे. त्यासाठी पीसीबी डिझायनर आणि जलद ऑसिलोस्कोप हवा. बीजीए (पोटाखाली जोड असलेली) चिप घरच्या हॉट एअरने उचलू नका. खालचे पॅड निघाले की बोर्ड गेला.

पडदा मशीनच्या पॅनेलमध्ये असेल आणि मोटर किंवा कॉन्टॅक्टर चालू होतानाच चमकत असेल तर तो अर्थिंगचा आणि वायरिंगचा प्रश्न आहे. त्या पेटीत २३० किंवा ४१५ व्होल्ट असतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्वतः पेटी उघडून चालू मशीनवर प्रोब लावू नका. रुग्णाच्या उपकरणाचा किंवा वाहनाचा पडदा असेल तर पहिल्या लक्षणालाच उत्पादकाकडे द्या.

जाणकाराकडे जाताना एवढं बरोबर न्या: एसडीरॅम चिपवरचा पूर्ण नंबर, क्रिस्टलची किंमत, हाताने मोजलेला फ्रेमचा वेग, दोन्ही चाचण्यांचे निकाल, बिघडलेल्या पडद्याचा जवळून काढलेला फोटो, आणि त्या क्षणी एलटीडीसी व डीएमए२डीच्या स्टेटस रजिस्टरमध्ये काय होतं ते.